मशीन, एक अदद

खंडेनवमीला आपल्याकडे कशाची पूजा होते ते जरा आठवून पाहा. सुतार करवत, रंधा आणि पटाशी मांडतो. लोहार घण आणि ऐरण स्वच्छ करतो. शेतकरी विळे-कोयते, कुळव-पाभर धुऊन-पुसून ओळीने लावतो. न्हाव्याच्या धोकटीतले वस्तरे त्या दिवशी कुणाच्या गालावर न चालता झेंडूच्या फुलांखाली स्वस्थ पडून असतात. किराणा दुकानदार तराजूला हळदकुंकू वाहतो. पण त्याच दुकानात गुळाच्या ढेपी असतात, तुरीची पोती असतात, तेलाचे डबे असतात, त्यांच्याकडे त्या दिवशी कोणी ढुंकूनही पाहत नाही. सुताराने विकायला केलेला पाट पूजेत नसतो. तो पाट ज्याने गुळगुळीत केला तो रंधा असतो. माल आणि अवजार यांतला फरक आपल्या आयाबायांना पिढ्यान्‌पिढ्या इतका पक्का ठाऊक आहे, की तो कुणाला समजावून सांगायची वेळच कधी आली नाही. माल यायचा आणि जायचा. अवजार घरचे, ते लेकरासारखे सांभाळायचे, आणि म्हातारे झाले तरी मोडीत घालताना जीव थोडा हळहळायचा.

घरात हा फरक सोपा आहे. तो अवघड होतो वेशीवर. जो आपल्याला ओळखत नाही अशा माणसासमोर गाठोडे सोडायची पाळी आली, की आपला रंधा आणि विक्रीचा रंधा यांत बाहेरून काहीच वेगळे दिसत नाही. नाक्यावरच्या माणसाला तरी काय दोष द्यावा? त्याच्यासमोरून दिवसभर माल जात असतो, आणि माल नेणारेही पुष्कळदा तोंड भरून सांगतात, “घरचंच आहे हो हे!” तेव्हा प्रश्न उरतो तो असा, की ज्या वस्तूवर आपले पोट चालते ती आपली आहे, आपल्याबरोबर जाणार आहे आणि आपल्याबरोबरच परत येणार आहे, हे परक्या माणसाला कसे पटवून द्यायचे? परदेशी जाणाऱ्यांना हा प्रश्न आज विमानतळावर पडतो. आमच्या जालना जिल्ह्यात तो पडायला विमान लागत नव्हते. बैलगाडी पुरत होती.

आज जालन्याहून देऊळगाव राजाला जाताना जिल्हा बदलला हे रस्त्याकडेच्या पाटीवरून तेवढे कळते. दोन्हीकडची माती काळी, दोन्हीकडे कपाशी, दोन्हीकडची बोली एक, आणि सोयरिकी तर इतक्या गुंतलेल्या की कोण कुठला हे लग्नपत्रिका पाहूनच सांगावे लागते. पण १९४८ सालापर्यंत या दोन गावांच्या मध्ये दोन सरकारे होती. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हा सगळा मुलूख हैदराबादच्या निजामाचा. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, चिखली ही वऱ्हाडातली गावे इंग्रजांच्या कारभाराखाली. त्यातली गंमत अशी, की वऱ्हाडही मुळात निजामाचेच. १८५३ साली ते इंग्रजांकडे कारभारासाठी गेले, आणि १९०२ साली कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडेच राहिले. पुढे १९३६ साली निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’, म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र, अशी पदवीही मिळाली. राजपुत्र वऱ्हाडचा, पण वऱ्हाडातून आलेले मिठाचे पोते मात्र परमुलखातले!

या सीमेवर जे नाके होते त्यांना लोक करोडगिरीचे नाके म्हणत. हा शब्द ऐकून कोटींची उलाढाल डोळ्यांसमोर येते, आणि त्याचे मूळही तसेच आहे. अकबराच्या काळी एक कोट दाम वसुलाच्या मुलखावर जो अंमलदार नेमीत तो करोडी. त्याचे नाव पुढे जकातीच्या खात्याला चिकटले. १८०२ साली निजाम आणि कंपनी सरकार यांच्यात व्यापारी तह झाला, त्यात जकातीचा दर शेकडा पाच ठरला होता. वीस रुपयांच्या मालावर एक रुपया. आणि हा कर आत येणाऱ्या मालावर असे, तसा बाहेर जाणाऱ्या मालावरही असे. त्यातच नाण्यांचा घोळ होता. अलीकडे हाली शिक्का, पलीकडे कलदार रुपया. सात हालींचे सहा कलदार. आमच्याकडची जुनी माणसे त्रैराशिकात पक्की होती याचे श्रेय शाळेला किती आणि नाक्याला किती, हे सांगणे कठीण आहे.

माझे आजोबा शिंपी. जाफराबाद तालुक्यातल्या एका लहानशा गावात त्यांचे दुकान होते. दुकान म्हणजे घराची ओसरीच. त्यांच्याकडे एक सिंगरचे हातमशीन होते. काळे, सोनेरी वेलबुट्टीचे, उजव्या बाजूला हातचाक आणि त्याला लाकडी मूठ. ते एका व्यापाऱ्याकडून हप्त्याने घेतलेले होते, आणि हप्ते फिटेपर्यंत घरात सणाला पुरण शिजले नव्हते असे आजी सांगत असे. हातमशीनची खुबी ही, की ते पेटीत घालून कुठेही नेता येते. दर वर्षी आश्विनात देऊळगाव राजाला बालाजीची मोठी यात्रा भरते. नवस फेडायला लोक लेकराबाळांसह येतात. मग कुणाला अंगडे-टोपडे हवे असते, कुणाला परकर, कुणाची चोळी गर्दीत फाटलेली असते. गावात तीन महिन्यांत जे काम मिळत नसे ते यात्रेच्या काही दिवसांत मिळे. म्हणून आजोबा गाडीत मशीन टाकून यात्रेला जात. आणि वाटेत नाका होता.

पहिल्या वेळी नाक्यावर काय झाले ती गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की मी स्वतः तिथे उभा होतो असेच मला वाटते. नाक्यावरच्या मुन्शीने पेटी उघडायला लावली. आत काळेभोर, चकचकीत मशीन.

“बेचने को ले जा रहे?”

“नहीं साहेब,” आजोबा म्हणाले, “कमाने को.”

आजोबांचे उर्दू एवढेच; पण त्या एका वाक्यात सगळा कायदा आला होता. मुन्शी हसला म्हणे. मग त्याने जी शंका काढली ती मात्र अगदी रास्त होती. आज हा शिंपी मशीन नेतो आहे. महिन्याने परत आणील तेव्हा हेच मशीन कशावरून? जुने तिकडे विकून नवे आणले तर? आजोबांनी हातचाकाची मूठ पुढे केली. तिचे लाकूड अंगठ्याच्या जागी खोलगट झिजलेले होते. आजोबांनी आपला अंगठा त्या खळगीत ठेवून दाखवला. तो तिथे असा बसला, जसा गाभाऱ्यातल्या समईत दिवा.

मुन्शी चांगला माणूस असावा, आणि कामालाही चोख असावा. कारण त्याने अंगठ्यावर विश्वास ठेवला तरी कागद करायचे सोडले नाही. त्याने एक चिठ्ठी लिहिली. उर्दूत. सिंगर मशीन, एक अदद, रंग काळा, लोखंडावर कोरलेला नंबर अमुक, मूठ लाकडी, झिजलेली. यात्रेसाठी नेत आहे, महिन्याच्या आत परत आणील. खाली फसली सनाची तारीख आणि शिक्का. येताना हीच चिठ्ठी दाखवायची. मात्र गाठोड्यात जी सुताची रिळे आणि खणांची थप्पी होती तिच्यावर त्याने शेकडा पाचप्रमाणे जकात घेतली. आजी त्यावर कुरकुरत असे, “मशीन सोडलं अन्‌ दोरा धरला!” आजोबांना मात्र ते पटले होते. ते म्हणत, “दोरा जातो. मशीन येतं.”

या चिठ्ठीची किंमत किती होती याचा हिशेब मी एकदा वर्गात मुलांना घातला होता. समजा मशीन माल ठरले असते. जाताना शेकडा पाच आणि येताना शेकडा पाच, म्हणजे एका यात्रेला शेकडा दहा. तर किती यात्रांनंतर मशीनची सबंध किंमत नाक्यावर जमा होईल? मुलांनी चटकन उत्तर दिले : दहा. एक मुलगी मात्र उभी राहून म्हणाली, “पण सर, मशीन तर तेच राहील ना?” तिला वाटले आपले उत्तर चुकले. मला वाटते, गणितापेक्षा जास्त काही तिला समजले होते. माल एकदा विकला की त्याची जकात गिऱ्हाइकाकडून वसूल होते. अवजारावरची जकात कोणाकडून वसूल करायची? ते तर दर वर्षी तेच राहते. फक्त थोडे अधिक झिजते.

ही साधी गोष्ट जगातल्या सरकारांना एकत्र बसून लिहून काढायला १९६१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जूनमध्ये ब्रुसेल्स येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला, तो केवळ व्यवसायाच्या साधनांच्या तात्पुरत्या आयातीपुरता. पत्रकार आणि नभोवाणीवाले यांची साधने, चित्रपटवाल्यांची साधने, आणि उरलेल्या सर्व व्यवसायांची साधने, असे त्याचे तीन भाग केले. त्या तिसऱ्या भागातल्या नमुन्याच्या यादीवरून नजर फिरवताना मला मोठी मौज वाटली. तीत शल्यवैद्य आहेत, गुरांचे डॉक्टर आहेत, पुराणवस्तूंचे संशोधक आहेत, नाटकमंडळ्या आणि वाद्यवृंद आहेत, व्याख्याते आहेत. आणि चक्क सुईणी आहेत! बाळंतपण करायला एका देशातून दुसऱ्या देशात निघालेल्या सुईणीच्या पेटीवर जकात घेऊ नये, एवढे जगाने तेव्हा मान्य केले.

त्याच वर्षी डिसेंबरात दुसरा एक करार झाला आणि त्यातून ‘कार्नेट’ नावाचे एक पुस्तक जन्माला आले. त्याला मालाचे पारपत्र असेही म्हणतात. तुम्ही नेणार असलेल्या वस्तूंची यादी, प्रत्येकीचा नंबर आणि किंमत त्यात लिहिलेली असते. आत रंगीत पाने असतात. आपल्या देशातून निघताना आणि परतताना पिवळे, परक्या देशात शिरताना आणि तिथून बाहेर पडताना पांढरे, नुसते मधून जायचे असेल तर निळे. प्रत्येक नाक्यावर शिक्का मारून एक पान फाडून घेतात आणि त्याचे स्थळप्रत पुस्तकात उरते. मुदत एक वर्षाची. वस्तू परत आली नाही, तर तिथली जकात भरण्याची हमी एखादी व्यापारी संस्था आधीच देऊन बसलेली असते. भारतात हे पुस्तक ‘फिक्की’ ही संस्था देते. सत्तरांहून अधिक देश आज ते मानतात. आणि त्यात एक नियम असा, की जे वापरून संपते ते या पुस्तकात घालता येत नाही. दोरा जातो, मशीन येते! ब्रुसेल्सच्या पंडितांनी जो भेद कलमे पाडून लिहिला, तो आमच्या नाक्यावरच्या मुन्शीने एका चिठ्ठीत आणि आजोबांनी चार शब्दांत केला होता. यात मी आजोबांची फुशारकी मारतो आहे असे वाचकांनी समजू नये. अशा चिठ्ठ्या जिथे जिथे नाका आणि कारागीर समोरासमोर आले तिथे तिथे लिहिल्या गेल्या असणार. कारण दोघांनाही उद्या पुन्हा तिथूनच जायचे असते.

पण चिठ्ठी चालते ती नाका शहाणा असेपर्यंत. १९४७ च्या ऑगस्टात देश स्वतंत्र झाला आणि आमचा मुलूख तेवढा मागे राहिला. पुढचे तेरा महिने मराठवाड्यात कसे गेले हे जुन्या घरांतून अजून दबल्या आवाजात सांगतात. रझाकारांची दहशत वाढली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालची स्टेट काँग्रेस लढ्यात उतरली होती. सीमेपलीकडे तिच्या छावण्या पडल्या आणि तिथून येऊन कार्यकर्ते नाक्यांवर हल्ले करू लागले. जकात न देता माल नेणे हाही सत्याग्रहच झाला. संस्थानचे राज्य खेड्यातल्या माणसाला दिसे ते नाक्याच्या रूपाने, म्हणून लोकांचा राग पहिल्याने नाक्यावर निघाला.

त्या दिवसांत शेकडो कुटुंबे रातोरात वऱ्हाडात गेली. आमचेही त्यांत होते. आजी सांगे, “भांडी विहिरीत टाकली. धान्य तसंच कणगीत ठेवलं. तुझा बाप कडेवर, अन्‌ तुझ्या आजोबांच्या डोक्यावर मशीन.” मी लहानपणी तिला विचारीत असे, की भांडी टाकली तर मशीन का नाही टाकले? ते तर सगळ्यांत जड. आजी माझ्याकडे नवलाने पाही. “भांड्यात शिजवायला काय घातलं असतं, मशीन नसतं तर?” त्या रात्री पाऊस होता आणि वाट आडरानातली होती. नाक्यावरून जायचे नव्हतेच. आणि नाका होता त्या जागी त्या दिवसांत काय असेल याचा भरवसाही नव्हता. शिक्का नाही, नंबर नाही, परत येण्याची मुदत नाही. चिखलीच्या बाजूला एका ओळखीच्या घराच्या पडवीत ते मशीन पुन्हा उघडले गेले, आणि पलीकडून आलेल्या लोकांची फाटकी धडुती त्यावर शिवली गेली. पैसे फार थोड्यांनी दिले. ज्वारी बऱ्याच जणांनी दिली.

१९४८ च्या १७ सप्टेंबरला हैदराबाद शरण आले. काही दिवसांनी आमचे कुटुंब परतले ते दिवसाढवळ्या, मुख्य रस्त्याने. आजोबांनी जुन्या सवयीप्रमाणे चिठ्ठी बंडीच्या खिशात वर काढून ठेवली होती. ती दाखवायचा प्रसंग आला नाही. देशभर व्यापार आणि ये-जा मोकळी असावी असे पुढे १९५० सालच्या घटनेने ३०१ व्या कलमात लिहिले. जुन्या संस्थानी जकाती काही काळ चालू ठेवायची सवलत होती, तीही नंतर संपली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९८१ साली जालना जिल्हा वेगळा निघाला. आता जालन्याचा शिंपी मशीन घेऊन कन्याकुमारीपर्यंत गेला तरी ते विकायचे की कमवायचे असे त्याला वाटेत कोणी विचारीत नाही. नाका नाहीसा झाला नाही, तो लांब गेला. आमच्या गावाच्या वेशीवरून उठला आणि विमानतळावर जाऊन बसला.

तिथे जाण्याची वेळ आमच्याकडच्या मुलांवर आता वरचेवर येते. माझा एक जुना विद्यार्थी लग्नाचे चित्रीकरण करतो. वर्गात तो खिडकीबाहेर पाहत असे, म्हणून मी त्याला ओरडत असे. पुढे खिडकीबाहेर पाहण्यालाच त्याने धंदा केले. बँकेचे कर्ज काढून त्याने दोन कॅमेरे आणि चार भिंगे घेतली. मध्यंतरी इथल्या एका कुटुंबाच्या नातेवाइकांकडचे लग्न दुबईला होते, तिथे याला बोलावले. मुलगा आनंदाने फुगून जायचा, तर तोंड उतरवून माझ्याकडे आला.

“सर, जाताना कोणी काही विचारत नाही म्हणतात. येताना विचारतात.”

“काय विचारतात?”

“की हे तिकडून आणलं का? आणि मी काय सांगू? नवंच दिसतं हो ते. मी रोज पुसून ठेवतो.”

त्याच्या ओळखीच्या एकाला तसे परतताना अडवले होते. पावत्या घरी राहिलेल्या, सोबत कागदाचा चिटोरा नाही. बिचारा दोन तास उभा होता, आणि घरून मोबाइलवर पावत्यांचे फोटो आले तेव्हा सुटला. या मुलाच्या कॅमेऱ्यांचे अजून बावीस हप्ते राहिले होते. त्यावर जकात बसली असती तर सगळ्या प्रवासाची कमाई तिच्यात गेली असती, आणि वर हप्ता थकला असता तो वेगळाच. आम्ही दोघे दोन संध्याकाळ नियम वाचीत बसलो. इंग्रजी माझेही बेताचेच. शब्दकोश मध्ये ठेवला होता.

वाटा दोन होत्या. एक ते कार्नेटचे पुस्तक. दुबई ज्या अमिरातींत आहे तिथे ते २०११ पासून चालते. पण त्यासाठी तारण ठेवावे लागते. ज्या कंपनीचे ट्रकभर सामान जाते तिला ते जड नाही. एकट्या माणसाला मात्र ते दुसऱ्या कर्जासारखेच. मला इथे थोडे वाईट वाटले. ज्याच्यासाठी सुईणींपर्यंत विचार झाला, ते पुस्तक हाती यायला मात्र सुईणीपेक्षा मोठे माणूस लागते. दुसरी वाट सोपी होती, फुकटची होती, आणि तिची माहिती फार थोड्यांना असते. निघण्यापूर्वी विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्यापुढे आपले सामान मांडायचे, पावत्या आणि वस्तूंचे नंबर दाखवायचे, आणि त्याच्याकडून निर्यातीचा दाखला घ्यायचा. हे सामान या माणसाबरोबर इथून गेले आहे, एवढेच तो कागद म्हणतो. परतताना तो दाखवला की सामान घरचे ठरते. सामान पेटीत बंद होऊन विमानात चढण्याआधी हे करायचे, एवढी काळजी घ्यायची. परक्या देशातल्या नाक्यासाठी बोलावणाऱ्यांचे पत्र जवळ ठेवायचे, आणि त्या त्या देशाचा नियम आधी विचारून घ्यायचा. कारण दाखला आपल्या दारापुरता असतो, दुसऱ्याच्या दारात तो चालेलच असे नाही.

तो चार तास आधी विमानतळावर गेला. अधिकाऱ्याने पावत्या पाहिल्या, नंबर ताडून पाहिले. मग एक कॅमेरा हातात घेऊन उलटा केला. उजव्या हाताची पकड येते तिथले रबर घासून गुळगुळीत झाले होते. “बरीच लग्नं लावलीत की!” अधिकारी म्हणाला, आणि त्याने शिक्का मारला. मुलाने परत आल्यावर हे मला सांगितले तेव्हा मी एकदम गप्प झालो. त्याला कारण कळले नाही. मी त्याला आजोबांच्या मशीनची मूठ आणून दाखवली. त्याने तिच्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला, आणि म्हणाला, “सर, मोठा होता हो त्यांचा हात.” परतीच्या वेळी त्याने दाखला काढून दिला आणि पाच मिनिटांत तो बाहेर पडला. त्या प्रवासाच्या कमाईतून तीन हप्ते एकदम फिटले.

मला पुष्कळदा वाटते, की अवजाराची खरी ओळख कागदावर लिहिता येत नाही. नंबर लोखंडावर असतो, किंमत पावतीवर असते. पण ज्यामुळे ती वस्तू माल राहत नाही ती खूण हाताने केलेली असते. मृदंगावरची शाई एका ठिकाणी उडालेली असते, कारण त्या वादकाची बोटे तिथेच पडतात. गवंड्याची थापी एका अंगाने झिजते, कारण तो डावखुरा असतो. आमच्या भागातून आखाती देशांत कामाला गेलेल्या गवंड्यांना नाक्यावर थापीबद्दल कोणी विचारीत नाही. ती स्वस्त आहे एवढेच त्याचे कारण. पण विचारले असते तर त्यांनाही चार शब्दांच्या पलीकडे काय सांगता आले असते? आणि तरीही कागद हवाच. हाताची खूण पाहणाऱ्याला दिसते, ती पाहायला जो थांबत नाही त्याला कागद दाखवावा लागतो. गरीब माणसाने तर तो आधी मागून घ्यावा. श्रीमंताचा खुलासा ऐकून घेतात, गरिबाचा शिक्का पाहतात.

जालन्याजवळ दरेगावला २०१५ च्या डिसेंबरात कोरड्या बंदराची पायाभरणी झाली. समुद्र नाही, गलबते नाहीत. पण परदेशी जाणाऱ्या मालाची तपासणी आणि कागदपत्रे इथेच व्हावीत ही त्यामागची कल्पना. म्हणजे फिरून फिरून नाका आमच्या दारी येणार. त्याला माझी ना नाही; सळया जाव्यात, बियाणे जावे, मोसंबी जावीत, जालन्याला ‘सोन्याचा पाळणा’ म्हणणाऱ्यांचे बोल खरे व्हावेत. सरकारला जकात हवी आणि ती मालाने द्यावी. पण त्या गर्दीत एखादा पोरगा खांद्याला पिशवी अडकवून निघालेला असेल, आणि पिशवीत त्याचे सगळे घर असेल. “विकायला नेतोस का?” असे त्याला कोणी विचारले तर विचारू दे, तो विचारणाऱ्याचा हक्कच आहे. पोराच्या खिशात तेवढी चिठ्ठी असावी, आणि चिठ्ठी वाचून झाल्यावर विचारणाऱ्याने एकदा मुठीकडेही पाहावे.